पिन झिजते तेव्हा

‘तुझी पिन तिथेच अडकलीय’ असं आपण एकमेकांना सर्रास ऐकवतो. ऐकवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पिन अडकलेली प्रत्यक्षात कधी ऐकलेली नसते. ग्रामोफोनची पिन तबकडीच्या खोबणीतून फिरायची. खोबण कुठे फुटली असेल तर ती पुढे न सरकता त्याच फेऱ्यात परत यायची आणि गायक एकच ओळ म्हणत राहायचा. घरोघरच्या तबकड्या गेल्या, वाक्प्रचार मात्र राहिला.

पण पिन अडकणं हा तसा किरकोळ दोष. अडकली की घरातल्या सगळ्यांना कळायचं, कुणीतरी उठून हात लावायचं. घात व्हायचा तो झिजलेल्या पिनेमुळे. ती अडकत नाही. गाणं सुरळीत चालू राहतं आणि ते चालू असतानाच तबकडी आतून खरवडली जाते. कानाला हे कळतं तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून ऐकण्यासाठी केलेल्या या वस्तूचं आरोग्य शेवटी डोळ्याने, सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागलं.

दोनशे पिनांची डबी

एमिल बर्लिनरने १८८७मध्ये ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. एडिसनच्या नळकांड्याऐवजी त्याने सपाट तबकडी घेतली आणि तिच्यावर डावी-उजवीकडे वळवळत जाणारी खोबण कोरली. त्या खोबणीतून फिरायला पोलादाची साधी पिन असायची. पिनांच्या पत्र्याच्या छोट्या डब्या मिळत. एका डबीत बहुधा २०० पिना असत. आवाज कमी-जास्त करायला बटण नव्हतं, त्यामुळे मंद आवाजाला बारीक पिन आणि मोठ्या आवाजाला जाड पिन अशी सोय होती. आणि डबीवर सूचना असे : एक पिन एकदाच वापरा.

ही सूचना केवळ पिना खपवण्यासाठी नव्हती. तेव्हाची तबकडी लाखेची म्हणायची, पण तिच्यात लाखेपेक्षा दगडाची पूड जास्त असे. लाख हा फक्त सांधणारा पदार्थ. पुडीमुळे तबकडी टणक होई आणि कानशीसारखी खरखरीतही होई. ध्वनिपेटी आणि तिचा हात मिळून पिनेवर १०० ग्रॅमहून जास्त भार पडायचा. नव्या पिनेचं टोक खोबणीत नीट बसत नसे. पहिल्या काही फेऱ्यांत तबकडीच पिनेला घासून आपल्या मापाची करून घ्यायची. त्यामुळे भार जरा मोठ्या जागेवर पसरायचा आणि तबकडी वाचायची. थोडक्यात, झिजणं हेच पिनेचं काम होतं.

ही झीज थांबत मात्र नसे. दहा इंची तबकडीची एक बाजू वाजायला तीनेक मिनिटं लागत आणि तेवढ्यात पिन सुमारे सव्वाशे मीटर अंतर घासत जाई. शेवटी तिच्या टोकाला दोन्ही बाजूंनी सपाट पैलू पडत आणि पैलूंच्या कडा पटाशीसारख्या धारदार होत. हीच पिन दुसऱ्या तबकडीवर ठेवली की ती खोबणीच्या भिंती तासायला लागे. काटकसर करून तीच पिन पुनःपुन्हा वापरलेल्या तबकड्या आजही ओळखू येतात. त्यांचा काळा तुकतुकीतपणा जाऊन राखाडी झाक आलेली असते. ती राखाडी झाक म्हणजे भुगा होऊन गेलेला आवाज.

या गोष्टीत भारताचा वाटा मोठा आहे. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर पोसले जातात आणि जगाच्या बाजारातली बरीचशी लाख छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातून जात असे. १९०२च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. त्या तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. इथली लाख तिकडे जायची आणि इथला आवाज घेऊन परत यायची. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडला, तेव्हा अमेरिकेत १९४२मध्ये तबकड्यांसाठीच्या लाखेच्या वापरावर मोठी कपात लादली गेली. पळसाच्या फांदीवरचा किडा आणि न्यूयॉर्कमधलं गाणं यांचा संबंध इतका थेट होता.

कानाचा भरवसा

पिनेवरून वाद घालणारे हौशी लोक लवकरच तयार झाले. लंडनमध्ये १९२३ला ‘द ग्रामोफोन’ हे मासिक निघालं. पोलादी पिन बरी की बांबूची, हा तिथल्या वाचकांचा आवडता विषय होता. बांबूची पिन तिकोनी असे. एक बाजू वाजली की छोट्या कात्रीसारख्या यंत्राने तिचं टोक तिरकं छाटायचं आणि पुन्हा वापरायची. झाडाचे काटेही वापरले जात. बांबूवाल्यांचं म्हणणं, आमची पिन मऊ, ती तबकडीला इजा करत नाही. पोलादवाल्यांचं म्हणणं, तुमच्या पिनेतून अर्धं गाणं ऐकूच येत नाही.

दोन्ही बाजूंचा पुरावा एकच होता, स्वतःचा कान. आणि इथेच अडचण होती. झीज एका रात्रीत होत नाही. आजचा आवाज कालच्यापेक्षा केसभर वाईट असतो, उद्याचा आणखी केसभर. कान त्याला सरावत जातो. आधी जातात ते सगळ्यात उंच पट्टीचे सूक्ष्म आवाज : झांजेची झणझण, स आणि शचा सीत्कार, तारेवर नखी पडल्याचा क्षण. गाण्याची चाल शाबूत असते, शब्द कळत असतात, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. जे गेलं त्याची आठवण ठेवायला जवळ दुसरी कोरी तबकडी नसते.

हिरा आणि प्लॅस्टिक

१९४८मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्लेइंग रेकॉर्ड आणली. लाखेच्या जागी व्हिनाइल आलं, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जागी ३३⅓ आल्या आणि खोबण फार बारीक झाली. ७८च्या पिनेच्या टोकाची त्रिज्या साधारण ७५ मायक्रॉन असे. एलपीला ती २५वर आली आणि १९५८च्या सुमारास स्टिरिओ आल्यावर १८च्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

दरवेळी पिन बदलणं आता शक्य नव्हतं. पिना कृत्रिम नीलमाच्या किंवा हिऱ्याच्या झाल्या. जाहिरातींत ‘पर्मनंट’ हा शब्द आला आणि ग्राहकाने त्याचा सरळ अर्थ घेतला : आता पिन बदलायची नाही.

हिऱ्याला मऊ प्लॅस्टिक काय झिजवणार, असं कुणालाही वाटेल. हिशोब करून पाहू. समजा पिनेवर २ ग्रॅमचा भार आहे. खोबणीच्या दोन भिंती ४५ अंशांत कललेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक भिंतीवर साधारण १.४ ग्रॅम येतो. टोक आणि भिंत यांचा स्पर्श ४० चौरस मायक्रॉन एवढ्याशा ठिपक्यात होतो असं धरलं, तर तिथला दाब निघतो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५०० किलो. ट्रकच्या टायरमध्ये हा आकडा ८च्या आसपास असतो.

आता अंतर पाहू. ५०० तास वाजवलं की तबकडीच्या बरोबर दहा लाख फेऱ्या होतात. एका फेरीची सरासरी लांबी ६५ सेंटिमीटर धरली, तर पिन ६५० किलोमीटर घासत गेली. म्हणजे मुंबईहून निघून गोवा ओलांडून पुढे. शिवाय खोबणीत धूळ असते आणि धुळीत वाळूचे कण असतात. हिरा झिजतो तो असा. नीलम तर त्याच्या कितीतरी आधी.

१९५४मध्ये हॅरल्ड वायलर या अमेरिकन लेखकाने ‘द वेअर अँड केअर ऑफ रेकॉर्ड्स अँड स्टायलाय’ हे छोटं पुस्तक काढलं. त्याने झिजलेल्या पिनांचे सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो छापले. गुळगुळीत गोल टोक, मग त्यावर उमटलेला छोटा सपाट डाग, मग छिन्नीसारखी कडा. इतकी वर्षं कानांच्या साक्षीवर चाललेल्या वादात आता डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा आला. रेकॉर्डच्या दुकानांतही पुढे सूक्ष्मदर्शक दिसू लागले. गिऱ्हाईक पिन घेऊन येई आणि नळीतून स्वतःच पाहून घेई. दुकानदाराला नवी पिन विकायची असे हे खरं, पण दिसणारा पैलूही तितकाच खरा असे.

पाहायचं काय

तपासणीची रीत आजही जवळपास तीच आहे. आधी पिन मऊ कुंचल्याने साफ करायची, कारण टोकाला चिकटलेला धुळीचा गोळा झिजेसारखाच दिसतो. मग १०० ते २०० पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली ती उलटी धरायची आणि दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश टाकायचा. सगळी मेख प्रकाशात आहे. गोल टोकावरून प्रकाश सुटतो तो एका बारीक बिंदूसारखा. टोकाला पैलू पडला असेल तर तो छोट्या आरशासारखा चमकतो. लंबगोल, स्पष्ट कडा असलेला उजेडाचा तुकडा दिसला की समजायचं, इथे हिरा गेला आहे.

दोन बाजूंचे पैलू एकमेकांशी ताडून पाहायचे. एकीकडचा मोठा असेल तर दोष पिनेचा नसतो. हात एका बाजूला ओढला जात असतो किंवा पिन तिरकी बसलेली असते. म्हणजे झिजलेली पिन प्लेअरचाही हिशोब सांगते.

१९७०च्या दशकात हे वाचन अवघड झालं. चार स्पीकरांसाठीच्या तबकड्यांवर ४५ हजार हर्ट्झपर्यंतचे संकेत कोरायची टूम निघाली. ते वाचायला जपानच्या जेव्हीसी कंपनीतल्या नोरिओ शिबाता यांनी वेगळ्या घाटाची पिन बनवली. तिला पैलू मुद्दाम पाडलेले असतात. कारागिराने पाडलेला पैलू कुठला आणि झिजेने पडलेला कुठला, हे ओळखायला सरावलेला डोळा लागतो.

आपल्याकडच्या दोन पिना

भारतात ७८च्या तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या. एलपी आली होती, पण घरातला जुना साठा कुणी टाकत नव्हतं. त्यामुळे इथल्या कित्येक प्लेअरमध्ये उलटसुलट करता येणारी पिन असे. छोटी दांडी फिरवली की एका बाजूला ७८ची पिन, दुसऱ्या बाजूला एलपीची. दांडी फिरवायची राहिली की नुकसान ठरलेलं. जाड पिन बारीक खोबणीवर बसून तिच्या कडा दाबून टाके आणि बारीक पिन मोठ्या खोबणीच्या तळाशी घरंगळत खरखर करत राही.

यात गेलं काय, हे लक्षात घ्यायला हवं. अब्दुल करीम खाँ १९३७मध्ये गेले. त्यांचं गाणं आपल्यापर्यंत पोचलं ते तबकड्यांवरून. बालगंधर्वांचा उमेदीतला आवाज, सवाई गंधर्व, रामकृष्णबुवा वझे, सगळे तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांत शिल्लक आहेत. ज्या तबकड्या लोकांना आवडल्या त्याच जास्त वाजल्या आणि ज्या जास्त वाजल्या त्याच जास्त झिजल्या. नावडत्या तबकड्या कोऱ्या राहिल्या. प्रेमाची शिक्षा लाडक्या तबकडीलाच झाली.

सुदैवाने झीज खोबणीच्या पूर्ण उंचीभर सारखी होत नाही. जुन्या पिनेने भिंत ज्या उंचीवर घासली, त्याच्या जरा वर किंवा खाली आवाज शाबूत असू शकतो. म्हणून जतनाचं काम करणारे तंत्रज्ञ वेगवेगळ्या त्रिज्यांच्या पिनांचा संच बाळगतात. तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि न घासलेल्या पट्ट्यावर टेकेल अशी पिन निवडतात. पिन अर्धा-पाऊण मिल, म्हणजे १२ ते २० मायक्रॉनने बदलली तरी मेलेली वाटणारी तबकडी बोलू लागते.

पिनेशिवाय

पुढची पायरी अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत पडली. कार्ल हेबर आणि व्हिटाली फदेयेव हे कणभौतिकीतले शास्त्रज्ञ. कणांचे माग मोजायची त्यांची तंत्रं त्यांनी २००३च्या सुमारास तबकडीवर लावली. खोबणीचे अतिसूक्ष्म फोटो काढायचे आणि पिन त्या वळणांवरून कशी हलली असती हे संगणकाने मोजायचं. तबकडीला कशाचाही स्पर्श होत नाही. फुटलेली तबकडीही वाचता येते. याच प्रयोगशाळेच्या मदतीने २००८मध्ये एदुआर-लेओं स्कॉटने १८६०मध्ये काजळी धरलेल्या कागदावर उमटवलेला आवाज ऐकता आला. स्कॉटने तो फक्त पाहण्यासाठी नोंदवला होता, वाजवायची सोयच नव्हती.

पिनेवर लक्ष ठेवायला आणलेल्या सूक्ष्मदर्शकाने अखेर पिनेचीच जागा घेतली. पण अशी यंत्रं मोजक्या संस्थांकडे आहेत आणि तबकड्या घराघरांत, जुन्या बाजारात, माळ्यावरच्या ट्रंकांत आहेत. आज अनेक तरुण पुन्हा प्लेअर घेताहेत, आजोबांच्या तबकड्या खाली काढताहेत. त्यांच्यासाठी एवढंच : जुन्या प्लेअरमधली पिन किती तास फिरली आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याला ती नीट दिसत नाही, पण संगणकाला जोडायचा साधा सूक्ष्मदर्शक अंदाज घ्यायला पुरतो. आधी पिन पाहा, शंका आली तर बदला, मग तबकडी लावा. पिन नवी मिळते. ती तबकडी मात्र कदाचित शेवटची असेल.