प्रज्वलन पद्धती, जुन्या मोटारगाड्यांतील
पेट्रोल एंजिनात नेमक्या क्षणी ठिणगी पाडणारी यंत्रणा. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली प्रवर्तन वेटोळे व संपर्क-खंडक यांची पद्धती १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत आली. एमजी टीसी (१९४५–४९) या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारीत आणि कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीतही हीच पद्धती होती. खंडकाचे स्पर्शबिंदू, म्हणजे कारागिरांचे ‘प्लॅटिनम’, ठिणग्यांनी जळतात. त्यांतील फट बदलली की प्रज्वलनाची वेळ चुकते. अमेरिकेत क्रायसलर कंपनीने १९७३ पासून खंडकरहित इलेक्ट्रॉनिक पद्धती सरसकट स्वीकारली. जुन्या मोटारीच्या वितरकातही खंडकाऐवजी चुंबकीय संवेदक बसविता येतो. त्यामुळे गाडी भरवशाची होते. परंतु मूळ रचनेचा ऐतिहासिक पुरावा नाहीसा होण्याचा संभव असतो. म्हणून वितरकाचे कवच न बदलता काढलेले भाग जपून ठेवावेत; मूळ रचना पुन्हा प्रस्थापित करता येते.