जवसाचा सदरा

अमेरिकेत अठराव्या शतकातल्या थाटात शिकारीला जाणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. हातात चकमकीची बंदूक, खांद्याला बारुदाचं शिंग, कमरेला टोमाहॉक म्हणजे छोटी कुऱ्हाड. पेन्सिल्वेनियात तर १९७४ पासून हरणांच्या शिकारीसाठी चकमकीच्या बंदुकांचा वेगळा हंगामच आहे. यातला नवखा माणूस खरेदीला निघाला की आधी दोन वस्तू शोधतो: दशा सोडलेला हरणकातड्याचा कोट आणि रकूनच्या शेपटीची टोपी. दोन्ही चूक. टोपीचं वेड १९५५ च्या सुमारास डिस्नेच्या डेव्ही क्रॉकेट मालिकेनं घरोघरी पोचवलं. डॅनियल बूनसारखा अठराव्या शतकातला खरा रानातला माणूस साधी फेल्ट हॅट घालत असे. कोटाचा घोळ मात्र त्याहून जुना आहे.

बून आणि त्याच्या सोबत्यांना 'लाँग हंटर' म्हणत, कारण ते रानात गेले की महिनोन्‌महिने घरी येत नसत. बून १७६९ च्या मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायनातून केंटकीकडे निघाला, तो १७७१ मध्ये परतला. या लोकांची कमाई म्हणजे हरणाचं कातडं. डॉलरला आजही 'बक' (नर हरीण) म्हणतात, ते बहुधा त्यावरूनच. जे बाजारात रोकड देतं, ते अंगावर घालून काट्याकुट्यात फाडायचं कशाला?

मग अंगात काय असे? याचं उत्तर जोसेफ डॉड्रिज नावाच्या धर्मोपदेशकानं लिहून ठेवलं आहे. त्याचं बालपण पेन्सिल्वेनियाच्या पश्चिम सीमेवर गेलं. १८२४ मध्ये छापलेल्या आठवणींत त्यानं तिथल्या 'हंटिंग शर्ट'चं वर्णन केलंय. मांडीच्या मध्यापर्यंत येणारा ढगळ सदरा, बाह्या मोठ्या, पुढून पूर्ण उघडा. घेर इतका की पट्टा बांधताना एक बाजू दुसरीवर फूटभर चढे. आपल्या अंगरख्याची आठवण यावी असाच. पट्ट्याच्या वर छातीशी जो झोळ तयार होई, तोच खिसा. त्यात भाकरी, सुकवलेलं मांस, बंदुकीची नळी पुसायचा बोळा. थंडीत हातमोजे पट्ट्याच्या पुढच्या भागात. पट्ट्याला उजवीकडे टोमाहॉक, डावीकडे सुरा. खांद्यावर रुंद पट्टीसारखी केप, तिच्या कडेला उसवलेल्या धाग्यांच्या दशा. पंचाच्या असतात तशाच.

आणि कापड? बहुतेक वेळा लिन्सी, म्हणजे जवसाचा ताणा आणि लोकरीचा बाणा. कधी भरड लिनन, म्हणजे निव्वळ जवसाचं कापड. कातड्याचे सदरे थोडे होते, आणि पावसात ते फार गार पडतात, असं डॉड्रिज स्पष्ट सांगतो. कातड्याच्या मोकॅसिनबद्दलही त्याचं म्हणणं असंच: ओल्यात ती घालणं म्हणजे जवळपास अनवाणी चालणंच. तरी मोकॅसिन आणि पायांचे लेगिंग वापरात राहिले. ते मूळच्या रहिवाशांकडून घेतलेले होते आणि रानात आवाज न करता चालायला त्यांना तोड नव्हती.

मला या वेशात सगळ्यात मोलाचं वाटतं ते जवस. आपल्याकडे जवस म्हटलं की चटणी आठवते, नाहीतर तेल. तिकडे लोक त्याचा धागा काढत. देठ कुजवून, कुटून, दात्यांतून विंचरला की लांब तलम धागा वेगळा होतो आणि आखूड भरड धागा मागे राहतो. त्या भरड धाग्याला 'टो' म्हणतात. टोचं कापड स्वस्त, म्हणून भरड लिननच्या सदऱ्याला तेच. नळी साफ करायचा बोळाही टोचा. आणि गोळी नळीपेक्षा किंचित लहान ठेवून तिच्याभोवती जी चरबी लावलेली चिंधी गुंडाळतात, तीही लिननची. त्या चिंधीमुळे गोळी नळीतल्या आट्यांना घट्ट धरून, गरगर फिरत सुटते.

या सदऱ्याला गणवेशाचा मान मिळाला तो स्वातंत्र्ययुद्धात. जुलै १७७५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टननं काँग्रेसकडे किमान १०,००० हंटिंग शर्ट मागितले, कारण सैनिकांच्या अंगावर धड कपडे नव्हते आणि यापेक्षा स्वस्त व झटपट उपाय नव्हता. व्हर्जिनियाच्या बंडखोरांना तर 'शर्टमेन' हेच नाव पडलं होतं. २४ जुलै १७७६ च्या हुकुमात वॉशिंग्टननं आणखी एक कारण दिलं: हा सदरा घातलेला प्रत्येक जण अचूक नेमबाज असतो, अशी शत्रूची समजूत आहे. शेतकऱ्याच्या, गाडीवानाच्या ढगळ सदऱ्याचा हा भाऊबंद असा शत्रूला धाक घालू लागला.

तेव्हा असा पेहराव करायचा असेल तर कातड्याचे पैसे वाचवा. भरड लिनन घ्या, अक्रोडाच्या हिरव्या सालांत रंगवा. चौकोनी तुकडे कापून, काखेत कळी घालून हातानं शिवा. दशा वेगळ्या आणून लावू नका, कापडाचेच धागे ओढून काढा. थंडीसाठी आतून लोकरी बंडी घाला. आणि एक गोष्ट बूनच्या काळची नसली तरी सोडू नका. हंगामात भर रानात तपकिरी सदरा आणि केसाळ टोपी घातलेला माणूस दुसऱ्या शिकाऱ्याला दुरून जनावर वाटू शकतो. म्हणून बहुतेक राज्यांत बंदुकीनं हरणाची शिकार करताना भडक नारिंगी कापड अंगावर असणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथला नियम आधी वाचा, आणि नियमात सूट असली तरी ते कापड सदऱ्यावरून घालाच.