खवट कोलेस्टेरॉल आणि भक्षकपेशी: एका ओळखीचा इतिहास

१९१३ साली सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीशी संबंधित दोन तरुण संशोधकांनी, निकोलाय अनिच्कोव आणि सेम्योन खलातोव यांनी, सशांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल त्यांनी सशांना खाऊ घातले होते. थोड्याच काळात सशांच्या महाधमनीच्या आतील अस्तरावर पिवळट चट्टे उमटले. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मेदाच्या थेंबांनी तुडुंब भरलेल्या फुगीर पेशी दिसल्या. साबणाच्या फेसासारख्या दिसणाऱ्या या पेशींना आज आपण फेनपेशी म्हणतो.

या पेशी भक्षकपेशींच्या कुळातील आहेत, हे अनिच्कोव यांनी ओळखले. भक्षकपेशी, म्हणजेच मॅक्रोफेज, तेव्हा फार जुन्या नव्हत्या. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेच्निकोव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला होता आणि त्या काट्याभोवती जमणाऱ्या पेशी पाहून ‘शरीराचे रक्षण पेशी करतात’ हा सिद्धांत मांडला होता. मग जंतू गिळणे हे ज्यांचे काम, त्या पेशी धमनीच्या भिंतीत बसून स्वतःच्याच शरीरातील मेद का गिळत होत्या?

या प्रश्नाला उत्तर मिळायला पुढची सहा-सात दशके गेली. ससा शाकाहारी, त्याला कोलेस्टेरॉल चारून माणसाविषयी काय कळणार, हा आक्षेप दीर्घकाळ घेतला गेला. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण त्यामुळे पेशीविषयीचा मूळ प्रश्नही अडगळीत पडला.

तो पुन्हा वर आला अमेरिकेतील डॅलस येथे. जोसेफ गोल्डस्टीन आणि मायकेल ब्राउन एका आनुवंशिक विकाराचा अभ्यास करत होते. त्याच्या तीव्र रूपात, दहा लाखांत सुमारे एका बालकाला, शालेय वयातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. रक्तातील कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या मुख्य कणांना एलडीएल म्हणतात. पेशीच्या पृष्ठभागावर हा कण पकडून आत ओढणारे एक प्रथिन असते. अशा प्रथिनांना ग्राही म्हणतात. या मुलांमध्ये तो ग्राहीच सदोष असल्याने एलडीएल रक्तातच साचत राही. १९७३-७४ मधील या शोधासाठी दोघांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पाठ्यपुस्तकांतील कथा बहुधा इथे थांबते. खरी गुंतागुंत मात्र इथून पुढे आहे. एलडीएलचा ग्राही निकामी असूनही या मुलांच्या धमन्यांत फेनपेशी होत्याच! ज्या दारातून कोलेस्टेरॉल आत जाते ते दार बंद, तरी घर भरलेले. उलट, निरोगी भक्षकपेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांना भरपूर एलडीएल दिले, तर त्या फारसे घेत नसत. दोन्ही निरीक्षणे एकच गोष्ट सुचवत होती: भक्षकपेशींना दुसरे दार असले पाहिजे, आणि त्यातून आत जाणारा कण नेहमीचा एलडीएल नसला पाहिजे.

१९७९ मध्ये गोल्डस्टीन, ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दार शोधले, तेही एका कृत्रिम कणाच्या साहाय्याने. एलडीएलवरील प्रथिनात लायसिन या अमिनो आम्लाचे धनभारित टोक असते. रासायनिक क्रियेने त्यावर ॲसिटिल गट चिकटवला की तो धनभार नाहीसा होतो. असा बदललेला कण भक्षकपेशींनी अधाशासारखा गिळला आणि त्या कोलेस्टेरॉलने भरून गेल्या. मूळ ग्राहीला स्वतःचा आवर असतो. पेशीत पुरेसे कोलेस्टेरॉल झाले की तिच्या पृष्ठभागावर तो कमी होऊ लागतो. या दुसऱ्या ग्राहीला तसा आवरच नव्हता. पुढे त्याला ‘स्कॅव्हेंजर रिसेप्टर’, म्हणजे सफाई करणारा ग्राही, हे नाव रूढ झाले.

त्या शोधनिबंधाच्या चार लेखकांत संदीप कुमार बसू हे एक नाव आहे. ते पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संचालक झाले. भक्षकपेशींत दडून बसणाऱ्या लीशमानिया परजीवीपर्यंत याच दारातून औषध पोहोचवता येते, हे त्यांच्या गटाने १९८९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगात दाखवले. काळा आजार हा लीशमानियामुळेच होतो, हे लक्षात घेतले तर या कामाचे भारतातील मोल कळेल.

अडचण एकच होती. ॲसिटिल लावलेले एलडीएल शरीरात सापडत नव्हते. कुलूप हाती होते, पण ते उघडणारी किल्ली प्रयोगशाळेत घडवलेली. निसर्गातली किल्ली कोणती?

तिचा माग कॅलिफोर्नियातील ला होया येथे डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटाला लागला. १९८१ मध्ये त्यांनी दाखवले की धमनीच्या अस्तराच्या पेशींसोबत काही तास ठेवलेले साधे एलडीएल भक्षकपेशी कितीतरी वेगाने गिळतात. म्हणजे त्या सहवासात कणाला काहीतरी होत होते. १९८४ मध्ये त्याच गटाने, ज्यात जोसेफ विट्झटम आणि संपत पार्थसारथी हेही होते, उत्तर दिले: कण खवट होत होता. शब्दशः खवट. फोडणीचे तेल हवेत राहिले की त्याला जो वास येतो, त्यामागची ऑक्सिडीकरणाची रासायनिक क्रियाच येथेही घडत होती. एलडीएलमधील असंतृप्त मेदाम्ले तुटतात, त्यांचे तुकडे लायसिनला चिकटतात आणि त्याचा धनभार जातो. ॲसिटिलने जे कृत्रिमरीत्या साधले होते, तेच शरीर खवटपणातून साधत होते. ई जीवनसत्त्व घातले की हा बदल थांबे.

१९९० मध्ये एमआयटीत मॉन्टी क्रीगर, तात्सुहिको कोदामा आणि सहकाऱ्यांनी या ग्राहीचे जनुक वेगळे केले. १९९३ मध्ये ऑक्सिडीकृत एलडीएल पकडणारा सीडी३६ हा आणखी एक ग्राही पुढे आला. हे ग्राही केवळ मेदासाठी नव्हते. जिवाणूंच्या आवरणातील घटक आणि मरणासन्न पेशी यांनाही ते पकडत. १९९७ मध्ये पहिल्या प्रकारचा ग्राही नसलेले उंदीर तयार केले गेले, तेव्हा त्यांच्या धमन्यांतील चट्टे कमी झाले. पण लिस्टेरिया जिवाणू आणि हर्पिस विषाणू यांना ते सहज बळी पडू लागले. चट्ट्यांविषयीचा निष्कर्ष पुढच्या सर्वच प्रयोगांत टिकला नाही. ग्राहीचे संरक्षक रूप मात्र स्पष्ट झाले होते.

ही गल्लत कशी होते, हे प्रतिपिंडांच्या अभ्यासातून अधिक उलगडले. एलडीएलच्या पृष्ठभागावरील मेदरेणूंना फॉस्फोकोलीन नावाचे टोक असते. कण ताजा असताना प्रतिपिंडांना ते ओळखता येत नाही. ऑक्सिडीकरणानंतर ते उघडे पडते. आणि न्यूमोनियाच्या जिवाणूच्या आवरणावरही हेच फॉस्फोकोलीन असते! विट्झटम यांच्या गटाने २००३ मध्ये उंदरांना या जिवाणूची लस टोचली. त्यांच्या रक्तात जे प्रतिपिंड वाढले ते ऑक्सिडीकृत एलडीएललाही चिकटले, आणि धमन्यांतील चट्टे काही प्रमाणात घटले.

मग माणसांना ई जीवनसत्त्व देऊन प्रश्न सुटेल, असे वाटणे स्वाभाविक होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत ९,००० हून अधिक लोकांचा सरासरी साडेचार वर्षे मागोवा घेतला गेला. रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदयविकार कमी झाला नाही. बशीत जे घडते ते धमनीत घडेलच असे नाही, याचे इतके महागडे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

दुसरा मार्ग होता गिळल्यानंतरच्या दाहाला अडवण्याचा. फेनपेशींत साचलेल्या कोलेस्टेरॉलचे स्फटिक दाहाची यंत्रणा चेतवतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे संदेशवाहक प्रथिन बाहेर पडते, हे २०१० मध्ये दिसले होते. २०१७ च्या कँटोस चाचणीत १०,०६१ रुग्ण होते. त्यांतील काहींना या प्रथिनाला रोखणारे कॅनाकिनुमॅब हे औषध दर तीन महिन्यांनी दिले गेले. एलडीएलची पातळी न घटताही १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी उतरले. पण औषध घेणाऱ्यांत जीवघेण्या जंतुसंसर्गाचे प्रमाण वाढले, आणि एकूण मृत्युसंख्येत लक्षणीय फरक पडला नाही.