१९६३ : मित गम्र, क्वालालंपूर आणि आपला पहिला पगार

इस्लाम आणि पैसा या विषयावर आपल्याकडे बोलणे निघाले की चर्चा बहुधा एकाच प्रश्नावर येऊन अडते : बँकेचे व्याज हलाल की हराम? प्रश्न महत्त्वाचा आहे, त्याला बगल देता येत नाही. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आपण विचारतच नाही. ज्या पैशावर व्याज घ्यायचे की नाही याचा वाद चालला आहे, तो पैसा मुळात शिल्लक आहे का?

हा आधीचा प्रश्न दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या देशांत गांभीर्याने घेतला. दोघांचे काम प्रत्यक्षात सुरू झाले ते एकाच वर्षी, १९६३ साली.

पहिले डॉ. अहमद अल-नज्जार. हे इजिप्तचे. पश्चिम जर्मनीत अर्थशास्त्र शिकताना त्यांनी तिथल्या स्थानिक बचत बँका जवळून पाहिल्या. गावातल्या लोकांची छोटी रक्कम गावातच जमा होते आणि गावातल्याच उद्योगाला मिळते, ही त्या बँकांची पद्धत. तिशीतले नज्जार मायदेशी परतले आणि नाईल नदीच्या दमिएत्ता फाट्यावरच्या मित गम्र या गावी त्यांनी तशीच बँक काढली, फक्त व्याज वगळून. नासर यांच्या राजवटीत धर्माचे नाव लावून संस्था काढणे सोपे नव्हते, म्हणून फलकावर ‘इस्लामी’ हा शब्द नव्हता. ती साधी बचत बँक होती.

तिचे काम समजून घेण्यासारखे आहे. खाती तीन प्रकारची होती. पहिले बचतीचे : अगदी किरकोळ रक्कम भरता येई, हवी तेव्हा काढता येई, त्यावर काहीही वाढ मिळत नसे. पण नियमाने भरणाऱ्याला अडीनडीला बिनव्याजी कर्ज मिळण्याचा हक्क तयार होई. दुसरे गुंतवणुकीचे : त्यात नफा-तोटा वाटून घेतला जाई. तिसरे जकातीचे : त्यातून गरजूंना मदत होई. म्हणजे माणूस आधी बचत शिके, मग पत मिळवी, आणि सावरला की दुसऱ्याला देई. पहिल्या वर्षाअखेर खातेदार साडेसतरा हजारांच्या आसपास होते. १९६७ पर्यंत शाखा नऊ झाल्या आणि खातेदार अडीच लाखांवर गेले. यातले बहुतेक शेतकरी आणि कष्टकरी होते, बँकेची पायरी पहिल्यांदाच चढणारे. व्याजाचे आमिष नसतानाही ते आले. १९६७ मध्ये हा प्रयोग सरकारी बँकांच्या ताब्यात गेला आणि त्याचे मूळ रूप संपले. पण व्याजाशिवाय गरीब माणूस बचत करतो, हे तोवर सिद्ध झाले होते.

दुसरे गृहस्थ मलेशियाचे प्राध्यापक उंगकू अझीझ. ग्रामीण दारिद्र्य हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. घरात माणशी किती लुंग्या, म्हणजे सारोंग, आहेत यावरून गरिबी मोजायची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. मलय शेतकरी हजसाठी आयुष्यभर पैसा साठवतो, पण कुठे? घरात लपवून, नाहीतर जनावरे आणि जमीन घेऊन. निघायची वेळ आली की ती जमीन, ती जनावरे विकायची. हज करून माणूस हाजी होऊन परत येई, पण त्याचे पोट भरण्याचे साधन गेलेले असे. इबादत पूर्ण, घर उघडे.

अझीझ यांनी १९५९ मध्ये सरकारपुढे योजना मांडली : हजसाठीची बचत एका संस्थेत थोडी थोडी जमा करावी, ती व्याजाऐवजी उद्योगात आणि शेतीत गुंतवावी, आणि नफ्याचा वाटा खातेदाराला द्यावा. ३० सप्टेंबर १९६३ रोजी ही संस्था सुरू झाली. पहिल्या खेपेचे खातेदार होते अवघे १,२८१. पुढे तिचे नाव ताबुंग हाजी झाले आणि आज तिचे खातेदार नव्वद लाखांच्या आसपास आहेत. तिचा प्रवास निर्दोष नाही. २०१८ मध्ये देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाली आणि सरकारला तिची पुनर्रचना करावी लागली. पण एक गोष्ट तिने मलेशियात रुजवली. आईबाप लेकराच्या नावाने खाते उघडतात आणि कमावता झालेला मुलगा ते पुढे चालवतो. म्हातारपणी करायच्या हजची तयारी तारुण्यात सुरू होते.

आता आपल्याकडे वळू. मी शिक्षक आहे. वर्गात बचतीचा धडा आला की एक वाक्य हमखास ऐकू येते : “सर, बँक में पैसा रखना तो हराम है ना?” मुलाने ते घरी ऐकलेले असते. हाच मुलगा चार वर्षांनी कुरिअरच्या किंवा शोरूमच्या नोकरीला लागतो, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याच्या हाती हप्त्यावर घेतलेला मोबाईल असतो. वर्षभरात हप्त्यावरची गाडी.

हिशेब करून पाहू. समजा मोबाईल २४,००० रुपयांचा आणि हप्ता २,३०० चा, बारा महिने. एकूण भरले २७,६००. वरचे ३,६०० रुपये म्हणजे सूदच, त्याला कुठलेही गोड नाव द्या. तेच २,३०० दरमहा बाजूला ठेवले असते तर अकराव्या महिन्यात २५,३०० जमले असते, मोबाईल रोखीने आला असता आणि हातात १,३०० उरले असते. सूद नको म्हणून आपण बचत सोडली, पण कर्ज सोडले नाही. व्याज घेणे आपल्याला खटकते, देणे मात्र अंगवळणी पडले आहे. शरियतमध्ये दोन्हींना मनाई आहे, हे कुणाला वेगळे सांगायला नको.

यावर उपाय नवा शोधायचा नाही. इजिप्तमध्ये १९०१ साली पोस्टाची बचत सुरू झाली तेव्हा काही हजार मुस्लिम खातेदारांनी व्याज घ्यायला नकार दिला. त्यांनी व्याज नाकारले, बचत नाकारली नाही. आपल्याकडेही चालू खात्यावर सहसा व्याज नसते. बचत खात्यावर जमा होणारे व्याज सवाबची नियत न ठेवता गरजूला देऊन टाकावे, असे अनेक उलेमा सांगतात. आपापल्या आलिमला विचारून घ्यावे, पण तो प्रश्न बचत न करण्याचे कारण होऊ नये. उत्तर प्रदेशात देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासून बिनव्याजी ठेवी आणि कर्जाचे काम करतो. आपल्या मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी, ज्याला आपण बीसी म्हणतो, तीही लिलावाची नसेल तर बिनव्याजीच. तिच्यात शिस्त मोठी, कारण दहा जणींची नजर असते. फक्त नंबर लागला की रक्कम एकदम उडते. भिशीतला हप्ता भरणारी बाई शिस्त शिकलेलीच आहे, तिने तेवढाच एक हप्ता स्वतःच्या नावाने ठेवायचा आहे.

पहिला पगार घेणाऱ्या मुलामुलींना मी तीन गोष्टी सांगतो. पगार आला त्याच दिवशी, खर्चाआधी, ठरलेली रक्कम बाजूला काढा. ५०० रुपये असले तरी पाच वर्षांत ३०,००० होतात, तेही व्याजाशिवाय. दुसरे, उधार देताना-घेताना लिहून ठेवा. कर्ज लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकरामध्ये सविस्तर आला आहे, तरी दोस्तीत लिहायचे कसले, असे म्हणत आपण पैसा आणि दोस्ती दोन्ही घालवतो. तिसरे, जकातीची एक तारीख ठरवा. आज तुम्ही साहिबे-निसाब नसाल, तरी दरवर्षी त्या तारखेला वही उघडून बसा : माझ्याकडे काय आहे, मी कुणाचे किती देणे लागतो. जकात अडीच टक्के द्यायची तर शंभर टक्क्यांचा हिशेब आधी करावा लागतो.

बचतीची सवय नसलेल्याचा आणखी एक धोका आहे. ज्याने कधी ५०० चे ३०,००० होताना पाहिलेले नसते, तो ‘हलाल नफा, महिन्याला अमुक टक्के’ म्हणणाऱ्याला लवकर भुलतो. असल्या योजनांत आपल्या समाजाचे किती संसार बुडाले हे आपण पाहिले आहे. ज्याने स्वतः एकेक रुपया जोडला त्याला पैसा किती सावकाश वाढतो हे ठाऊक असते, म्हणून तो चार प्रश्न विचारतो.

मित गम्रच्याच देशात, हजारो वर्षांपूर्वी, यूसुफ अलैहिस्सलाम यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसातच राखायला सांगितले होते, खाण्यापुरते तेवढे वगळून. ते सांगितले सुकाळात, दुष्काळ पडल्यावर नाही. विशी-पंचविशीत, घरची जबाबदारी अजून पूर्ण अंगावर पडलेली नसते, तोवरची वर्षे हीच आपल्या मुलांची सुकाळाची वर्षे आहेत. दहावी-बारावीचा निकाल लागला की आपण मुलाला घड्याळ देतो, मोबाईल देतो. यंदा त्याच्यासोबत जाऊन त्याच्या नावाचे खातेही उघडून द्यावे, आणि पहिले ५०० रुपये त्याच्याच हाताने भरायला लावावेत.