पहाट आणि पाळी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात सकाळी सहाच्या ठोक्याला पहिली पाळी कामावर चढते आणि त्याच घटकेस रात्रपाळी उतरते. कारखान्याच्या रस्त्यावर त्या सुमारास माणसांचे दोन ओघ एकमेकांना ओलांडून जातात. एका ओघातील माणसे नुकतीच अंघोळ आटोपून, चहा घेऊन निघालेली असतात. दुसऱ्या ओघातील माणसांच्या अंगावर आठ तासांच्या धगीची आणि धुळीची पुटे चढलेली असतात. माथ्यावरचे आकाश दोघांनाही तेच. परंतु एकाची ती सकाळ असते आणि दुसऱ्याची निजण्याची वेळ. प्रातःकाळ आरोग्यदायी कसा करावा, ह्याविषयी आपल्याकडे शतकानुशतके जो उपदेश झाला, तो बहुतांशी ह्यांतील पहिल्या माणसाला उद्देशून झालेला आहे. दुसऱ्याने केव्हा उठावे, केव्हा निजावे आणि काय खावे, हा प्रश्न पुष्कळ उशिरा पुढे आला. मौज अशी, की त्या प्रश्नाचे एक उत्तर फार जुन्या ग्रंथात लिहून ठेवलेले होते.

तो ग्रंथ म्हणजे वाग्भटाचे अष्टांगहृदय. सातव्या शतकाच्या सुमाराचा हा ग्रंथ गणेश कृष्ण गर्दे ह्यांच्या सार्थ वाग्भटामुळे अनेक मराठी घरांत पोहोचला. त्याच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. निरोगी माणसाने आयुष्याच्या रक्षणासाठी ब्राह्ममुहूर्तावर उठावे, असे तो सांगतो. हे वाक्य घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी पाठ केले. पण त्याला जोडून आलेली सावधगिरी मात्र बहुधा विसरली गेली. उठण्यापूर्वी आदल्या दिवशीचे अन्न पचले आहे की नाही, ह्याचा विचार करावा, असे वाग्भट सांगतो. व्यायामही त्याने अर्ध्या शक्तीइतकाच करावयास सांगितला आहे, आणि तोही बलवान व स्निग्ध आहार मिळणाऱ्या माणसाने, थंडीत आणि वसंतात. कोरडी भाकरी खाऊन दिवसभर ओझी वाहणाऱ्याला त्याने पहाटे जोर काढावयास सांगितलेले नाही.

ब्राह्ममुहूर्ताचे गणित साधे आहे. अहोरात्राचे तीस मुहूर्त, प्रत्येक अठ्ठेचाळीस मिनिटांचा. सूर्योदयापूर्वीचा शेवटचा मुहूर्त सोडून त्याच्या आधीचा तो ब्राह्ममुहूर्त. म्हणजे ही वेळ घड्याळाला बांधलेली नसून सूर्याला बांधलेली आहे, आणि ऋतूबरोबर ती मागेपुढे सरकते. जुन्या खेड्यात ह्यामुळे काही अडत नसे. शुक्राची चांदणी, कोंबड्याचे आरवणे आणि शेजारच्या घरातील जात्याची घरघर ह्यांवरून पहाट ओळखली जाई. त्या जात्याविषयी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावयास हवी. काकड आरती आणि भूपाळी ह्यांचा गौरव पुष्कळ झाला. परंतु त्या आरतीला जमणारी माणसे जी भाकरी खात, तिचे पीठ त्यांच्याआधी उठलेल्या बाईने दळलेले असे. तिने दळताना गायिलेल्या ओव्या पुढे संशोधकांनी गोळा केल्या, तेव्हा त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. मराठी पहाटेचा सर्वांत मोठा लेखसंग्रह कोणता असेल, तर तो हाच. आणि त्यात ताज्या हवेची स्तुती थोडी, माहेरची आठवण आणि कष्टाचा हिशेबच अधिक आहे.

सूर्याची पहाट घड्याळाच्या हाती गेली ती गिरणीमुळे. मुंबईत 1850 नंतर गिरण्या उभ्या राहिल्या. नागपुरात 1877 च्या जानेवारीत जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आरंभी गिरणीचा दिवस सूर्योदयाला उघडे आणि सूर्यास्ताला मिटे. विजेचे दिवे आल्यावर सूर्याचा तेवढाही धरबंध राहिला नाही. 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने तास बांधून दिले ते केवळ मुलांचे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 1884 पासून चालविलेल्या चळवळीनंतर मुंबईच्या गिरणीमालकांनी 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणीत राबणाऱ्या मराठी माणसाला आठवड्यातून एक सकाळ स्वतःची मिळाली ती अशी. आरोग्याच्या कोणत्याही पुस्तकाने त्याच्या प्रकृतीवर एवढा उपकार केला असेल असे वाटत नाही.

भिलाईपासून फार दूर नसलेल्या राजनांदगावातही हाच झगडा झाला. हे गाव तेव्हा एका संस्थानाची राजधानी होते आणि तेथे कापडाची मोठी गिरणी होती. 1920 मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथील कामगारांनी महिन्याहून अधिक काळ संप केला. गिरणीत दिवसाचे बारा-तेरा तास काम करावे लागे, हे त्या संपाचे मुख्य कारण होते. बारा तास यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्याने ब्राह्ममुहूर्तावर उठून करावयाचे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या उपदेशकांपाशी नव्हते.

मधल्या काळात घड्याळही बदलले. 1 जानेवारी 1906 पासून साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे एकोणचाळीस मिनिटे मागे असल्यामुळे मुंबईकरांना ती रुचली नाही, आणि तेथील नगरपालिकेने आपली जुनी वेळ 1955 पर्यंत चालू ठेवली. हा नुसता हट्ट म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे ढकलले म्हणजे गिरणीचा भोंगा अंधारात होतो आणि त्या अंधारात ज्याला उठावे लागते त्यालाच त्याचा अर्थ कळतो.

ह्याच सुमारास साताऱ्याकडील औंध संस्थानात प्रातःकाळाचा एक निराळा प्रयोग चालला होता. 1909 मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनाचे भोक्ते आणि सूर्यनमस्कारांचे निस्सीम उपासक होते. त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून नमस्कार सक्तीचे केले आणि 1928 मध्ये त्यांविषयी इंग्रजीत पुस्तक लिहून तो विषय परदेशापर्यंत नेला. राजाने स्वतः रोज घाम गाळून प्रजेला तसे करावयास सांगावे, ही गोष्ट आदरणीय खरीच. तरीही तो प्रयोग शाळकरी मुलांच्या आणि शेतकऱ्यांच्या संस्थानात झाला, जेथे रात्री सारे गाव निजत असे. रात्री जागणाऱ्या गावाचा विचार औंधाला करावा लागला नाही.

तसे गाव भिलाईला उभे राहिले. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ ह्यांच्यात वर्षाला दहा लाख टन पोलादाच्या कारखान्याचा करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती; पुढल्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली आणि नागपूर व दुर्ग वेगळे झाले. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ही भट्टी एकदा पेटली म्हणजे वर्षानुवर्षे विझवावयाची नसते. वरून दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, कोक आणि चुनखडी घालीत राहावयाचे, खालून तापलेल्या हवेचा झोत सोडावयाचा आणि ठरावीक वेळाने वितळलेले लोखंड बाहेर काढावयाचे. रात्र झाली म्हणून ती थांबविली, तर आतला रस गोठून भट्टीच निकामी व्हावी. गिरणीमालकाला रात्री गिरणी बंद ठेवता आली असती. लोभाने त्याने ती चालविली. येथे लोभाचा प्रश्न नव्हता, धातूचाच स्वभाव तसा होता. म्हणून दिवसाचे तीन भाग पडले: सहा ते दोन, दोन ते दहा आणि दहा ते सहा. 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या कामाला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती, ती ह्या वाटणीच्या पाठीशी होती.

मुंबई-हावडा लोहमार्गावरील ह्या गावी देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. मुंबईकडून आलेल्या माणसाला येथे एक नवल दिसते. घड्याळ तेच, पण सूर्य सुमारे चौतीस मिनिटे आधी उगवतो, कारण भिलाई मुंबईच्या तेवढी पूर्वेला आणि प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या अगदी जवळ आहे. जूनमध्ये येथे पाच वाजून वीस-पंचवीस मिनिटांनीच सूर्य वर येतो, म्हणजे ब्राह्ममुहूर्त पावणेचार ते साडेचार असा पडतो. पहिल्या पाळीचा माणूस त्याच वेळी उठतो, तेव्हा शास्त्र आणि कारखाना ह्यांचे पटते. जानेवारीत सूर्योदय पावणेसातच्या आसपास असतो आणि ब्राह्ममुहूर्त पाच वाजून गेल्यावर सुरू होतो. तोवर पहिल्या पाळीच्या माणसाचे अंथरूण केव्हाच रिकामे झालेले असते. शास्त्राहूनही लवकर उठणारा हा माणूस. त्याला आळशीपणावर व्याख्यान देण्याचे धाडस कोणी करू नये. त्याच्याही आधी उठून चूल, आणि पुढे शेगडी, पेटविणारी त्याच्या घरातील बाई कोणत्याच हजेरीपटावर नसते. एका घरात बाप रात्रपाळीला, मुलगा पहिल्या पाळीला आणि धाकटी शाळेला, असे झाले म्हणजे तिला एका दिवसात तीन सकाळी उजाडतात.

रात्रपाळीच्या माणसाचे दुखणे तर निराळेच. शरीरातील घड्याळाचे काम पेशींच्या पातळीवर कसे चालते, हे उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग ह्या तीन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या घड्याळाला रोज वेळ लावून देतो तो मुख्यतः प्रकाश. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली उतरते आणि झोपेची ओढ अनावर होते. नेमक्या त्याच वेळी भट्टीवरच्या माणसाने सावध राहावयाचे असते. सहाला तो सुटतो. जानेवारीत त्याची घरवाट अंधारातून जाते आणि अंथरुणावर पडताच त्याचा डोळा लागतो. जूनमध्ये मात्र वर आलेले ऊन सरळ डोळ्यांत शिरते, शरीराला वाटते दिवस उजाडला, आणि मग खोलीत चाळिशीपार गेलेल्या पाऱ्याखाली तो कूस बदलीत राहतो. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेहून तोकडी पडते, हे अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये, आणि पुन्हा 2019 मध्ये, रात्रपाळीच्या कामाची गणना कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली.

आता वाग्भटाकडे परत वळावयास हरकत नाही. दिनचर्येचा अध्याय सोडून सातव्या अध्यायात तो निद्रेविषयी बोलतो. उन्हाळा सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपू नये, असा नियम तो सांगतो आणि लगेच अपवादही देतो. त्या अपवादांत वाट चालून थकलेले आहेत, ओझे वाहून थकलेले आहेत, कष्टाचे काम करून थकलेले आहेत. सवय नसता ज्याला रात्री जागावे लागले, त्याने जितका वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावे, आणि ती झोप जेवणापूर्वी घ्यावी, असे तो स्पष्ट सांगतो. आठ तासांच्या रात्रपाळीला चार तास! आजचे वैद्य ह्याहून अधिक झोप सांगतील, खोली काळोखी ठेवावयास आणि घरी येताना डोळ्यांवर गडद चष्मा चढवावयास सांगतील. पण भरल्या पोटी निजू नये, ह्यावर त्यांचेही दुमत व्हावयाचे नाही.

ह्या चर्येला लागणारे अन्न छत्तीसगढच्या मातीत पूर्वीपासून आहे. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवावयाचा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची किंवा चटणी ह्यांच्याशी तो पाण्यासकट खावयाचा. ह्याला बासी म्हणतात. विदर्भातला शेतकरी न्याहारीला भाकरी आणि ठेचा घेतो, तसा येथला शेतकरी बासी घेऊन धानाच्या बांधावर जातो. उन्हात अंगातून गेलेले पाणी आणि मीठ ती भरून काढते, आणि तिच्यासाठी सकाळी चूल पेटवावी लागत नाही. शहरात आल्यावर ह्या अन्नाची काहींना लाज वाटू लागली होती. 2022 च्या कामगारदिनी, 1 मे रोजी, छत्तीसगढ सरकारने राज्यभर बोरे-बासीचा दिवस साजरा केला. रात्रपाळीहून आलेल्या माणसासाठी ती झाकून ठेवली, म्हणजे दुपारी त्याला जाग येईल तेव्हा तो ती वाढून घेतो, आणि त्याच्यासाठी तेवढी तरी एक सकाळ कोणाला उठवावी लागत नाही.