60 वॅटचा पिवळा दिवा कुठे गेला?

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की हैदराबादला, 60 वॅटचा पिवळा दिवा बहुधा तुमच्या घरातूनही गेला असेल. ‘दिवे बंद करा’ या उपदेशाने तो गेला नाही, असं माझं मत आहे. तो गेला भाव पडल्यामुळे.

2009 मध्ये केंद्राने बचत लॅम्प योजना आणली. साध्या बल्बच्या किमतीत सीएफएल द्यायचा, वरचा खर्च कार्बन क्रेडिट विकून भरून काढायचा. पुढे क्रेडिटचेच भाव कोसळले. मग ईईएसएल या सरकारी क्षेत्रातल्या कंपनीने साधा व्यापारी विचार केला: एलईडी दिवे घाऊक विकत घ्यायचे. 2014 च्या सुरुवातीला एका दिव्याची खरेदी 310 रुपयांना होत होती. 2016 मध्ये ती 40 रुपयांच्या खाली आली! जानेवारी 2015 पासून ‘उजाला’ योजनेत 36 कोटींहून अधिक दिवे घरोघरी पोचले.

60 च्या जागी 9 वॅट. रोज पाच तास धरले, तर एका दिव्यामागे महिन्याला साडेसात युनिट वाचतात, म्हणजे वीजकेंद्रातला चार-पाच किलो कोळसा.

पण आता वर बघा. जुना पंखा अजून 70-75 वॅट खातो आणि उन्हाळ्यात रात्रभर फिरतो. बीएलडीसी पंख्याला 30-35 वॅट पुरतात, फक्त तो महाग पडतो. एसीवर स्टार लेबल 2010 मध्ये सक्तीचं झालं, छताच्या पंख्यावर 2023 मध्ये. एसी किती घरांत आणि पंखा किती घरांत? मला हा क्रमच उलटा वाटतो.