डोळ्याची खोबण

आपला डोळा हाडांच्या खोबणींत सुरक्षित बसविलेला आहे हें आपण जाणतोंच. परंतु ही खोबण एकसंध नसून सात निरनिराळ्या हाडांची मिळून झालेली आहे, हें सहसा लक्षांत येत नाहीं. तिची बाहेरची कड जाड व कणखर. बोटानें चांचपून पाहिली तरी तिचें बळ कळतें. आंतील कांहीं भिंती मात्र विलक्षण नाजूक. नाकाच्या बाजूच्या भिंतीस शारीरशास्त्रज्ञांनीं लॅटिन भाषेंत ‘कागदी पत्रा’ असें नांव देऊन ठेवलें आहे, आणि तें अगदीं यथार्थ आहे. खालची जमीनहि तशीच पातळ, व तिच्याखालीं वरच्या जबड्याच्या हाडांतील पोकळी.

हीं हाडें मोडतात तरी कशीं? या प्रश्नाचा पद्धतशीर शोध फ्रान्समधील लील शहरचे शल्यवैद्य रने ल फोर यांनीं घेतला. १९०१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं ३५ शवांवरील प्रयोग वर्णिले आहेत. मस्तकावर लांकडी सोट्यानें तडाखे द्यावयाचे, तें टेबलाच्या कडेवर आपटावयाचें, आणि मग वरचें मांस सोलून हाडांतील भेगा न्याहाळावयाच्या. प्रकार बीभत्स खराच! परंतु त्यांतून असें निष्पन्न झालें कीं, चेहरा वाटेल तसा फुटत नाहीं; तो ठराविक दुर्बळ रेषांनींच दुभंगतो. अशा तीन रेषा ल फोर यांनीं दाखविल्या. वरच्या दोन रेषा डोळ्याच्या खोबणींतूनच जातात, आणि सर्वांत वरची तर सबंध चेहरा कवटीपासून विलग करते. माझ्या मतें मात्र त्यांचें दुसरें एक निरीक्षण अधिक मोलाचें: आंत हाडांचा चुरा झाला असतांहि वरची त्वचा पुष्कळदां अभंग राहते.

यानंतरहि एक कोडें उरलेंच. खोबणीची कड शाबूत असतां आंतील जमीनच तेवढी कशी फुटते? न्यूयॉर्कचे स्मिथ व रीगन यांनीं १९५७ सालीं याचें उत्तर सुचविलें. हर्लिंग या आयरिश खेळांतील कठीण चेंडू त्यांनीं शवाच्या मिटलेल्या डोळ्यावर ठेवला व त्यावर हातोडा मारला. कड जशीच्या तशी. जमीन फुटून खालीं गेली! डोळा मागें रेटला गेला म्हणजे खोबणींतील दाब वाढतो, व तो सर्वांत पातळ भिंतीवाटे बाहेर पडतो, असें त्यांचें म्हणणें. कडेवरील आघातानें जमीन वांकून मोडते असाहि दुसरा पक्ष आहे. आज दोन्ही कारणें संभवनीय मानतात.

मुलांची गोष्ट याहून फसवी. त्यांचीं हाडें लवचीक असल्यामुळें जमीन फांटते आणि झडपेप्रमाणें लागलीच मिटते. त्या चिमटींत डोळा हलविणारा स्नायु सांपडतो व त्याचा रक्तपुरवठा तुटतो. १९९८ सालीं या प्रकाराकडे वैद्यांचें लक्ष विशेषेंकरून वेधलें गेलें. डोळा पांढराशुभ्र, सूज नाममात्र. मूल ओकाऱ्या काढतें, नाडी मंदावते; डोक्यास मार लागला असावा असें समजून घरची मंडळी व कधीं कधीं वैद्यहि वाट पाहत बसतात. स्नायु सोडविण्याची शस्त्रक्रिया तर एक-दोन दिवसांच्या आंतच व्हावी लागते. अशा मुलास नुसतें वर पाहावयास सांगितलें तरी एक डोळा वर जातो, दुसरा मध्येंच अडून राहतो.